स्वस्त विजेची रात्र

सात महिने लागले सामान जमवायला.
कोळशाच्या दर खेपेमागे एक खोका.
मदरबोर्ड आला तेव्हा टेकडीवर गवत होतं,
पंखे आले तेव्हा तूल नदी गोठून
तिच्यावर पोरं घसरत होती.

गाशूनसुखाइतच्या सीमेवर
चार-चार दिवस रांगेत
पुढच्या ट्रकचे मागचे दिवे बघत बसायचं,
तिथे शिकलो मी हे सगळं.
फोनवर एक पोरगा कॉम्प्युटर जोडून दाखवायचा,
कझाक होता की रशियन कोण जाणे.
भाषा कळायची नाही,
बोटं कळायची.

उरांत्सेत्सेग म्हणाली, "तयार मिळतात की दुकानात."
म्हटलं, हो.
पुढे काय बोलावं सुचलं नाही.
पंधरा वर्षं मी जे चालवतो ते दुसऱ्याचं आहे,
हे तिला ठाऊक आहेच.

शेवटचा खोका आणला त्या संध्याकाळी
उलानबातरमध्ये उणे एकतीस.
आणल्या आणल्या उघडायचं नाही,
थंडीतून आलेल्या वस्तूला आत घाम फुटतो.
पाहुण्याला आधी चहा, मग चौकशी,
तसे सगळे खोके शेगडीपासून दूर, पलंगाखाली ठेवले.
एनेरेल दर थोड्या वेळानं हात लावून सांगायची,
"अजून गारच."

नऊला वीज स्वस्त होते. नऊला बसलो.

आमचं घर म्हणजे लोकर.
भिंती नमद्याच्या, गालिचा लोकरीचा, मोजे लोकरीचे.
हिवाळ्यात बायकोचा हात धरला तरी ठिणगी उडते,
आणि इथे एक ठिणगी पुरे,
सात महिने जळून जातील
आवाजसुद्धा न करता.
म्हणून लाकडी फळीवर अनवाणी,
मिनिटा-दोन मिनिटांनी पॉवर सप्लायच्या पत्र्याला हात लावत.
एनेरेल घड्याळ धरून बसलेली.
"आता शीव."
"शिवलो."
"खोटं."

ट्रकचे नट आवळणारे हे हात.
प्रोसेसर असा ठेवला
जसा झोपल्या बाळाच्या मानेखालून
आपण हात काढून घेतो.
पेस्ट लावली, सुक्या दह्याच्या खड्याएवढी.
एक स्क्रू गालिच्यात गेला.
तो एनेरेलनं शोधला,
म्हणजे तिच्या पायात टोचला.

बटण दाबलं.
पंखे फिरले.
पडदा काळा.

पुन्हा.
पंखे. काळा.

वायरी काढल्या, घातल्या, काढल्या.
शेगडीत दोनदा इंधन घातलं.
पोरगी स्क्रूची पिशवी मुठीत धरून झोपली.
तीन वाजले असतील.
मनात मी खोक्यांच्या किमतींची बेरीज करत होतो,
दर वेळी वेगळी येत होती.

अंधारातून उरांत्सेत्सेग म्हणाली
(म्हणजे जागीच होती),
"हे घर उभं केलंस त्या दिवशी
छताचे दांडे वरच्या चाकात
असे नुसते टेकवून ठेवले होतेस का?"

नव्हते.
मी खालून चाक पेलून धरलं होतं,
आणि ती एकेक दांडा खाचेत ठोकत होती,
पोट सहा महिन्यांचं.
हात आखडता घेतला असता
तर सगळं माझ्याच डोक्यावर आलं असतं.

मेमरीच्या पट्टीवर अंगठे ठेवले.
दाबलं. बोर्ड वाकला.
माझ्या तोंडाला कोरड.
अजून दाबलं.

खट्.

इतका बारीक आवाज
की शेगडीतला निखारा ढासळला असं वाटलं.
मग दुसरी पट्टी.
खट्.

पडद्यावर पांढरी अक्षरं उगवली.
इंग्रजी, पण शब्द शोधून पाहिले:
चालवण्याजोगं काही सापडलं नाही, असं तो म्हणत होता.
रिकामा होता, आणि तसं सरळ सांगत होता.

"आता यावर करणार काय?" तिनं विचारलं.
"माहीत नाही."

सहाला ट्रक काढायचा होता.
मी बंद केला.
मग परत चालू केला,
उगाच,
होतो का ते बघायला.